काजळीच्या कणाच्या आत डोकावताना

कंदिलाच्या काचेवर धरते ती काजळी म्हणजे नुसती काळी पूड असं आपण धरून चालतो, पण इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली तीच बघितली की आतली रचना बघत बसावी अशी असते. साध्या मायक्रोस्कोपचं इथे काम नाही, कारण काजळीचे मूळ कण साधारण 10 ते 50 नॅनोमीटरचे आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबीच मुळात 400 ते 700 नॅनोमीटर.

सॅम्पल घ्यायची पद्धत मला फार आवडते. 3 मिलिमीटर व्यासाची तांब्याची जाळी, तिच्यावर कार्बनचा अतिशय पातळ पापुद्रा, ती ज्योतीत क्षणभर घालायची आणि झटकन बाहेर काढायची. जाळी थंड, ज्योत गरम, या फरकामुळेच कण जाळीकडे ढकलले जातात आणि चिकटतात, खरवडाखरवडी काही नाही.

आधी दिसतात वेड्यावाकड्या साखळ्या, गोल गोल कण एकमेकांना चिकटून झालेल्या. मॅग्निफिकेशन वाढवत नेलं की एकेका कणात बारीक रेघा उमटायला लागतात, त्या म्हणजे कडेने दिसणारे कार्बनचे थर, कांद्यासारखे एकावर एक, दोन थरांमध्ये साधारण 0.35 नॅनोमीटर, म्हणजे ग्राफाइटपेक्षा (0.335) जरा सैल. गाभ्यात मात्र बऱ्याचदा नुसता विस्कळीतपणा.

आता या रेघा मोजायच्या कशाला? तर थराच्या मधल्या अणूंपेक्षा कडेचे अणू ऑक्सिजनशी पटकन रिअॅक्ट होतात, म्हणून थर आखूड आणि वाकडेतिकडे असले की काजळी लवकर जळते, लांब आणि सरळ असले की दाद देत नाही. एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाड्यांच्या धुराचे कडक नियम, आल्यावर आपल्या डिझेल गाड्यांना काजळीचे फिल्टर लागले, ते साफ होतात अडकलेली काजळी आतच जाळून, आणि कॅटलिस्ट (जळणं सोपं करणारा पदार्थ) नसेल तर त्याला 550-600 अंशांच्या आसपास तापमान लागतं. शहरातल्या ट्रॅफिकमध्ये एक्झॉस्ट एवढा तापतच नाही, म्हणून काजळी कमी तापमानाला जळणारी असली तर खूप फरक पडतो. शुद्ध बायोडिझेलच्या काजळीत तर काही कण आतूनच जळत गेलेले दिसलेत, बाहेरचं कवच शाबूत आणि आत पोकळी, आणि हे नुसतं वजन करून कधीच कळलं नसतं.