कार्ल लेम्ली: युनिव्हर्सलच्या आधीची वर्षं

कार्ल लेम्ली (१७ जानेवारी १८६७ – २४ सप्टेंबर १९३९) हा हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओचा संस्थापक, जर्मनीतून अमेरिकेत आलेला ज्यू माणूस. त्याच्याबद्दल वाचायला गेलं की बहुतेक ठिकाणी गोष्ट १९१२ पासून, म्हणजे युनिव्हर्सल झाली तिथून, फार तर १९०६ पासून, म्हणजे त्याचं पहिलं थिएटर निघालं तिथून सुरू होते, पण १९०६ मध्ये तो ३९ वर्षांचा होता आणि त्यातली २२ वर्षं अमेरिकेत नोकऱ्या करण्यातच गेली होती, आणि माझ्या मते त्याने पुढे सिनेमात जे काही केलं ते सगळं तो याच वर्षांत शिकला.

त्याचं गाव लाउपहाइम, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात, उल्म शहराच्या दक्षिणेला. गाव छोटंच पण ज्यू वस्ती मोठी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तर अख्ख्या व्युर्टेम्बर्गमधल्या सगळ्यात मोठ्या ज्यू वस्त्यांपैकी एक. वडील युलिउस लेम्ली जमिनींच्या खरेदी-विक्रीत होते, कमाई बेताची आणि पोरं तेरा, त्यातली बरीच लहानपणीच गेली. कार्लचं शिक्षण तेराव्या वर्षापर्यंतच, मग घरच्यांनी त्याला बव्हेरियातल्या इखेनहाउसेन गावी एका स्टेशनरीच्या व्यापाऱ्याकडे काम शिकायला ठेवलं. झाडलोट आणि निरोप पोचवण्यापासून सुरुवात करून पोरगा हळूहळू हिशोबाच्या वह्यांपर्यंत पोचला. अमेरिकेला जायचं वेड डोक्यात होतंच, मोठा भाऊ जोसेफ आधीच तिकडे गेलेला, पण आईचा जीव कार्लवर आणि ती असेपर्यंत तो काही निघाला नाही. १८८३ मध्ये आई गेली आणि सतराव्या वाढदिवसाला वडिलांनी त्याच्या हातात बोटीचं तिकीट ठेवलं.

गाव सुटलं तरी तो गावाला विसरला नाही हे मुद्दाम सांगायला हवं. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत लोकांचे हाल चालले होते तेव्हा त्याने लाउपहाइमला भरपूर मदत पाठवली, गावाने त्याला मानद नागरिक केलं, रस्त्याला नाव दिलं, आणि नाझी आल्यावर तेच नाव काढून टाकलं. मग १९३० च्या दशकात लेम्लीने जर्मनीतल्या ज्यू लोकांसाठी हमीपत्रं द्यायला सुरुवात केली, म्हणजे या माणसाचा अमेरिकेतला खर्च माझ्यावर असं लेखी द्यायचं, त्याशिवाय व्हिसा मिळणं कठीण. अशी तीनशेच्या वर माणसं त्याच्यामुळे वाचली असं मानतात, त्यात लाउपहाइमचेही बरेच होते. पुढे अमेरिकन अधिकारी त्याची हमीपत्रं घ्यायला कां-कू करायला लागले, तर याने थेट परराष्ट्रमंत्री कॉर्डेल हल यांना पत्र लिहिलं. मला विचाराल तर हे काम त्याच्या कुठल्याही सिनेमापेक्षा मोठं आहे.

तर १८८४ च्या फेब्रुवारीत नेकर नावाच्या बोटीने तो न्यूयॉर्कला उतरला, इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं. आधी एका औषधाच्या दुकानात सांगकाम्या पोऱ्या, मग शिकागोला भावाकडे, मध्येच साउथ डकोटात शेतावर मजुरी, परत शिकागो आणि तिथे मिळेल ती नोकरी, पुष्कळदा हिशोब लिहिण्याची. दहा वर्षं अशीच गेली, सांगण्यासारखं फारसं काही घडलं नाही.

खरी गंमत ऑशकॉशला. विस्कॉन्सिन राज्यातलं हे गाव, तिथल्या कॉन्टिनेंटल क्लोदिंग कंपनी या कपड्यांच्या दुकानात १८९४ मध्ये तो बुककीपर म्हणून लागला आणि चार वर्षांत मॅनेजर झाला, मालकांच्या नात्यातल्याच मुलीशी लग्नही झालं. गिऱ्हाईक कशाने आत येतं याचा त्याला नाद लागला, मग दुकानाची काच सजवायची, पेपरात जाहिराती द्यायच्या, सेल लावायचे, पोस्टाने माल पाठवायचा, असं सगळं सुरू झालं. जाहिरातींमुळेच शिकागोच्या रॉबर्ट कॉक्रेनशी ओळख झाली, त्याने याला स्वतःचं काहीतरी सुरू कर म्हणून आग्रह धरला आणि पुढे तोच लेम्लीचा पार्टनर झाला. पगारवाढीवरून मालकांशी बिनसलं तेव्हा बारा वर्षांची नोकरी सोडून लेम्ली शिकागोला आला.

डोक्यात विचार होता स्वस्तातल्या वस्तूंचं दुकान काढायचा. जागा बघत फिरताना त्याला निकलओडियन दिसलं, म्हणजे एक निकल देऊन, पाच सेंटात हलती चित्रं बघायचं छोटं थिएटर, आणि बाहेर ही रांग! तो चित्रं बघून भुलला नाही, उभा राहून किती माणसं आत जातात ते मोजत बसला, आणि इथे उधारी नाही, माल पडून राहत नाही, गिऱ्हाईक पैसे आधी देतं, हे बारा वर्षं कपडे विकलेल्या माणसाच्या लगेच लक्षात आलं. २४ फेब्रुवारी १९०६ ला मिलवॉकी अव्हेन्यूवर त्याचं पहिलं थिएटर सुरू झालं, व्हाइट फ्रंट. तेव्हा असल्या जागांना घरंदाज बायका-मुलं जायची नाहीत, म्हणून याने दर्शनी भाग पांढराशुभ्र ठेवला आणि आत स्वच्छता.

फिल्म वेळेवर आणि धड मिळेना म्हणून त्याच वर्षी त्याने स्वतःच फिल्म भाड्याने द्यायचा धंदा काढला. मग एडिसन आणि बाकीच्या पेटंटवाल्या कंपन्यांनी मिळून ट्रस्ट केला, म्हणजे सिनेमाचा धंदा आपल्याच मुठीत ठेवायला केलेली युती, आणि थिएटरवाल्यांकडून प्रत्येक प्रोजेक्टरमागे आठवड्याला दोन डॉलर मागायला लागले, लेम्ली १९०९ मध्ये त्यातून बाहेर पडला आणि आयएमपी (इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स) ही स्वतःची फिल्म बनवणारी कंपनी काढली. ट्रस्टने त्याच्यावर खटल्यांवर खटले घातले पण हा हटला नाही, पेपरांत जाहिराती देऊन ट्रस्टची टर उडवत राहिला. १९१२ मध्ये आणखी काही छोट्या कंपन्या एकत्र येऊन युनिव्हर्सल झाली आणि १९१५ मध्ये कोर्टाने ट्रस्टच बेकायदा ठरवला. त्याच वर्षी १५ मार्चला लॉस एंजलिसजवळ २३० एकरांवर युनिव्हर्सल सिटी उघडली, आणि तिथेही याचा दुकानदार जागाच होता, पंचवीस सेंट घेऊन लोकांना शूटिंग बघायला आत बसवायचा. बोलपट आल्यावर प्रेक्षकांच्या आवाजाने रेकॉर्डिंग बिघडायला लागलं तेव्हा कुठे ते बंद झालं.