डिसूझा, नेव्हिल

(१९३२–१९८०). भारतीय फुटबॉलपटू, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधील भारतीय संघाचे सेंटर फॉरवर्ड. जन्म गोव्यातील आसगावचा, कारकीर्द मुंबईची. टाटा स्पोर्ट्स क्लब व कॅलटेक्स या संघांकडून ते खेळले. त्यांची कीर्ती मात्र मेलबर्नमधील तीन सामन्यांवर उभी आहे.

हंगेरीने माघार घेतल्याने भारताला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली. १ डिसेंबर रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसूझा यांनी ९ व्या, ३३ व्या व ५० व्या मिनिटाला गोल केले. पहिल्या दोन्ही आघाड्या ब्रूस मॉरो यांनी मध्यंतरापूर्वीच फेडल्या होत्या, त्यामुळे खरा निर्णायक गोल तिसराच होय. किट्टू यांच्या गोलानंतर सामना ४–२ असा संपला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे पहिले आशियाई खेळाडू हा मान सर्वसाधारणपणे डिसूझा यांना दिला जातो, आणि आधीच्या स्पर्धांचे निकाल पाहता तो योग्यच दिसतो.

मेलबर्नमध्ये ‘स्पर्धेतील सर्वाधिक गोल’ डिसूझा यांनी केले, या विधानाबाबत अधिक सावधगिरी हवी. उपांत्य सामन्यात, चार वर्षांपूर्वी हेलसिंकीत ज्यांनी भारताला १०–१ असे हरवले होते त्याच युगोस्लाव्हियाविरुद्ध, डिसूझा यांनी ५२ व्या मिनिटाला भारताला आघाडी मिळवून दिली; पुढील १३ मिनिटांत तीन गोल झाले आणि भारत १–४ असा हरला. डिसूझा यांचे चार गोल झाले खरे, परंतु युगोस्लाव्हियाचे वेसेलिनोविच व बल्गेरियाचे मिलानोव यांचेही तितकेच. या दोघांनीही उपांत्यपूर्व सामन्यात हॅटट्रिक केली होती आणि दोघांचाही चौथा गोल भारताविरुद्धच झाला. म्हणून ‘संयुक्तपणे सर्वाधिक’ असे म्हणणेच रास्त.

नागपूरच्या दृष्टीने या तारखांना आणखी एक संदर्भ आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात समाविष्ट झाला. म्हणजे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या विजयाच्या वेळी डिसूझा नागपूरकरांच्याही राज्याचे खेळाडू होऊन जेमतेम महिना लोटला होता. कांस्यपदकाचा सामना बल्गेरियाने ७ डिसेंबरला ३–० असा जिंकला. आदल्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे दिल्लीत महापरिनिर्वाण झाले होते. १४ ऑक्टोबरचा धम्मदीक्षा सोहळा पाहिलेल्या या शहरात त्या दिवशी फुटबॉलची चर्चा झाली नसावी.

१९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात डिसूझा नव्हते.