जीआयएफ वेगळं, इन्प्रो वेगळं: सोडियम रिअ‍ॅक्टरच्या सहकार्यात भारत नेमका कुठे आहे

इंदूरला भंवरकुआच्या झेरॉक्स दुकानांवर मिळणाऱ्या राज्यसेवेच्या नोट्स उघडल्या, की विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पानावर हे बहुधा सापडतंच: भारत 'जनरेशन फोर इंटरनॅशनल फोरम'चा, म्हणजे पुढच्या पिढीच्या अणुभट्ट्यांवर एकत्र संशोधन करणाऱ्या जीआयएफ या गटाचा सदस्य आहे आणि कल्पाक्कमचा पीएफबीआर, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणारी आणि सोडियमनं थंड होणारी 'फास्ट' अणुभट्टी, त्या सहकार्यातून उभा राहिला. दोन्ही विधानं चूक आहेत. जीआयएफची सनद २००१ ची. तिच्यावर सही करणाऱ्यांत भारत नव्हता आणि नंतर सामील झालेल्यांतही नाही. भारत आहे तो 'इन्प्रो'मध्ये, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या (आयएईए) एका प्रकल्पामध्ये. आणि पीएफबीआर या दोघांपैकी कुणाचाच नाही. त्याची रचना कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्राची, बांधकाम 'भाविनी' या सरकारी कंपनीचं.

आपल्या गावात या गैरसमजाला एक जास्तीचं कारण आहे. कॅट रोडच्या राजा रामण्णा केंद्रानं सर्न या युरोपीय कणभौतिकी संस्थेच्या एलएचसी या प्रचंड कणत्वरकासाठी चुंबकं आणि ती अचूक जागी बसवणारे जॅक तयार करवून दिले, पुढे २०१७ मध्ये भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. हे खरंच अभिमानाचं काम आहे. पण त्यावरून अणुऊर्जा खातं प्रत्येक मोठ्या आंतरराष्ट्रीय गटात असणारच, असं धरून चालतात. सर्न हे कणभौतिकीचं काम, तिथे प्लुटोनियमचा, म्हणजे अण्वस्त्रातही वापरता येणाऱ्या इंधनाचा, प्रश्न येत नाही. सोडियम रिअ‍ॅक्टरमध्ये तो पहिल्या पानापासून येतो, आणि सगळा फरक तिथून सुरू होतो.

किरकोळ गोष्टी आधी संपवू. जीआयएफच्या अणुभट्ट्यांच्या सहा प्रणाली तुम्हाला पाठ आहेत: गॅस, शिसं, मोल्टन सॉल्ट (वितळलेले क्षार), सोडियम, अतिदाबाचं पाणी आणि अति उच्च तापमान. जीआयएफचं सचिवालय पॅरिसला, ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या संघटनेच्या अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे एनईएमध्ये. इन्प्रो हा व्हिएन्नाच्या आयएईएचा प्रकल्प, सप्टेंबर २००० च्या ठरावातून निघालेला. दोन्हींचा जन्म साधारण एकाच काळातला, म्हणूनही घोळ होतो. एनईए आणि आयएईए एकच समजणाऱ्यांनी मात्र इथेच थांबून ते नीट करून घ्यावं. आयएईएत भारत स्थापनेपासून आहे, एनईएचा तो सदस्य नाही.

आता खरी अडचण. दोन्ही ठिकाणी 'सहकार्य' चालतं, पण टेबलावर काय ठेवलं जातं आणि कोण काय उचलून नेतं, ते पूर्ण वेगळं आहे. हे एकदा समजलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

जीआयएफमध्ये कागदांचे चार थर आहेत. सर्वांत वर सनद. जुलै २००१ मध्ये तिच्यावर नऊ देशांच्या सह्या झाल्या: अमेरिका, फ्रान्स, जपान, ब्रिटन, कॅनडा, दक्षिण कोरिया, दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना आणि ब्राझील. सनदेत इच्छा व्यक्त होते, बांधिलकी येत नाही. बांधिलकी येते ती दुसऱ्या थरात, फेब्रुवारी २००५ च्या फ्रेमवर्क करारात; सरकारांनी आपसांत केलेला हा करार २०२५ पर्यंत लागू होता. अर्जेंटिना आणि ब्राझील संस्थापकांत असूनही २००५ च्या त्या करारावर त्यांची सही झाली नाही, त्यामुळे संशोधनाच्या देवघेवीत ते नव्हते. म्हणजे यादीत नाव असूनही हाती काही न लागणं शक्य आहे. तिसरा थर प्रत्येक प्रणालीची 'सिस्टीम अरेंजमेंट'. सोडियमची झाली फेब्रुवारी २००६ मध्ये, अमेरिका, फ्रान्स आणि जपानच्या सह्यांनी. त्याच वर्षी कोरिया आणि युरॅटम (युरोपीय अणुऊर्जा समुदाय) आले, २००९ मध्ये चीन, २०१० मध्ये रशिया. चौथा थर 'प्रोजेक्ट अरेंजमेंट', आणि खरं काम इथेच होतं. प्रगत इंधनाची वेगळी, सुरक्षा आणि चालनाची वेगळी, घटकांची रचना आणि वीजनिर्मितीच्या बाजूची वेगळी. सहा प्रणालींमध्येही सगळ्या या पायरीपर्यंत आलेल्या नाहीत. शिसं आणि मोल्टन सॉल्ट ही दोन्ही कामं बरीच वर्षं नुसत्या सामंजस्य करारावर चालली.

या चौथ्या थरात सामायिक तिजोरी नाही. प्रत्येक देश आपल्या पैशानं आपल्या प्रयोगशाळेत केलेलं काम आणून ठेवतो: रिअ‍ॅक्टरमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्यातून काढलेल्या इंधन-पिनांच्या (इंधन भरलेल्या बारीक नळ्यांच्या) तपासणीचे निष्कर्ष, वाफ जनित्राच्या नळ्या तपासण्याचं तंत्र, सोडियम आणि पाणी एकमेकांना भिडलं की काय होतं त्याचे प्रयोग. कुणी काय आणायचं आणि कधी, हे जोडपत्रात तारखेनिशी लिहिलेलं असतं. ही अंगतपंगत आहे: डबा आणल्याशिवाय पंगतीत जागा नाही आणि डबे उघडतात ते फक्त पंगतीत बसलेल्यांसमोर. देशाकडे आधीपासून असलेली माहिती आणि प्रकल्पात नव्यानं तयार झालेली माहिती यांचे हक्कही वेगवेगळे मांडलेले असतात. ज्याची त्या विशिष्ट प्रकल्पावर सही नाही त्याला, तो जीआयएफचा सदस्य असला तरी, त्या फायली मिळत नाहीत.

ही पद्धत कुठे अडते ते पाहिलं की ती आणखी स्पष्ट होते. २००७ मध्ये अमेरिका, फ्रान्स आणि जपाननं 'ग्लोबल अ‍ॅक्टिनाइड सायकल' नावाचा प्रकल्प घेतला. नेप्च्युनियम आणि अमेरिशियम ही वापरलेल्या इंधनात तयार होणारी जड मूलद्रव्यं मिसळलेलं इंधन जपानच्या जोयो आणि मोंजू या सोडियम रिअ‍ॅक्टरमध्ये ठेवून ते जळतं कसं, हे दाखवायचं होतं. जपानच्या डब्यातली मुख्य वस्तू होती चालू रिअ‍ॅक्टर. जोयोमध्ये २००७ मध्येच एका प्रायोगिक उपकरणामुळे आत बिघाड होऊन तो थांबला. मोंजू १९९५ च्या सोडियम गळतीनंतर २०१० च्या मे महिन्यात कसाबसा सुरू झाला, ऑगस्टमध्ये इंधन बदलायचं यंत्र भांड्यातच पडलं, आणि डिसेंबर २०१६ मध्ये तो कायमचा मोडीत काढायचं ठरलं. सामायिक निधी नसल्यानं 'चला, दुसरीकडे भाड्यानं जागा घेऊ' हा पर्याय जवळपास नसतोच. एका सदस्याची वस्तू गेली की प्रकल्पाचा तो भाग तिथेच बसतो. मोंजूच्या गळतीबद्दल जाता जाता एक: ती दुय्यम परिपथातली, म्हणजे गाभ्यातून न जाणाऱ्या सोडियमची होती, तापमापकाची नळी तुटून झालेली, आणि त्या सोडियममध्ये किरणोत्सार नव्हता. 'मोंजूमध्ये किरणोत्सारी सोडियम सांडलं' हे वाक्य जिथे दिसेल तिथे खोडा.

इन्प्रोकडे या. इथे पिना, नळ्या, प्रयोगांच्या फायली यांतलं काही बदललं जात नाही. इन्प्रोचा गाभा म्हणजे एखादी अणुऊर्जा व्यवस्था दीर्घकाळ टिकेल का, हे तपासायची पद्धत. वर मूलभूत तत्त्वं, त्यांखाली वापरकर्त्याच्या अपेक्षा, त्यांखाली मोजता येतील असे निकष. आणि क्षेत्रं म्हणजे खर्च, सुरक्षा, कचरा, पर्यावरण, अण्वस्त्रप्रसाराला अडथळा, भौतिक संरक्षण, देशातली पायाभूत तयारी. देश आपलीच व्यवस्था आपल्याच आकड्यांनी तपासतो, किती आतलं दाखवायचं तेही स्वतः ठरवतो. निष्कर्ष आयएईए छापते आणि ते कुणालाही वाचता येतात.

सोडियमशी थेट जोडलेलं उदाहरण घ्या. फास्ट रिअ‍ॅक्टर आणि बंद इंधनचक्र (वापरलेल्या इंधनातून कामाचा भाग काढून पुन्हा वापरणं) यांवर इन्प्रोत एक संयुक्त अभ्यास झाला. त्यात आठ देश होते: भारत, रशिया, चीन, फ्रान्स, जपान, कोरिया, कॅनडा, युक्रेन. रशिया, फ्रान्स, जपान, कोरिया, चीन हे जीआयएफच्या सोडियम गटातलेही आहेत. हीच नावं शेजारी दिसली की वाचणाऱ्याचा पाय घसरतो: हे सगळे तिथे, भारतही यांच्याबरोबर, म्हणजे भारतही तिथे. नाही. त्या अभ्यासातून निघाली ती फास्ट रिअ‍ॅक्टरची टिकाऊपणाच्या निकषांवरची तपासणी आणि भांडवली खर्च खाली आणायची गरज. पीएफबीआरचं एकही नकाशापत्र त्यातून बाहेर गेलं नाही, फ्रान्सचंही आत आलं नाही.

भारत एका पंगतीत नाही आणि दुसऱ्या जागी सहज बसतो, याची पार्श्वभूमी तारखांतच दिसते. जीआयएफ उभं राहिलं तेव्हा भारतावर नागरी अणुव्यापाराचे निर्बंध होते. पुरवठादार देशांच्या गटाची, एनएसजीची सूट आली ती सप्टेंबर २००८ मध्ये. त्याआधी, मार्च २००६ च्या, नागरी आणि लष्करी अणुप्रकल्प वेगळे करणाऱ्या विभाजन आराखड्यात, भारतानं एफबीटीआर (कल्पाक्कमचीच आधीची छोटी चाचणी अणुभट्टी) आणि पीएफबीआर आयएईएच्या तपासणीबाहेर ठेवत असल्याचं उघडपणे सांगितलं होतं. ज्या रिअ‍ॅक्टरचं दार तपासनिसाला बंद आहे, त्याचे इंधन-निष्कर्ष डब्यात घालून नेणं सोपं नाही. इन्प्रोत ती अट येत नाही, कारण तिथे डबाच न्यायचा नसतो. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, पण हे झाकून खोटी यादी छापणं चुकीचं आहे.

इथे तिसरी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते अभ्यासकानं सर्वांत आधी तीच वाचावी. आयएईएचा फास्ट रिअ‍ॅक्टरांवरचा तांत्रिक कार्यगट इन्प्रोहून जुना आणि वेगळा आहे. त्याच्या पुढाकारानं होणाऱ्या संशोधन प्रकल्पांत कल्पाक्कमचे अभियंते खरोखर आकडेमोड करतात. २०१२ ते २०१६ चा ईबीआर-२ चा प्रकल्प पाहा. ३ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत आयडाहोमध्ये या सोडियम रिअ‍ॅक्टरचे पंप पूर्ण शक्तीवर असताना बंद केले आणि आपत्कालीन बंदीची यंत्रणा मुद्दाम चालू दिली नाही. तापलेल्या सोडियम आणि धातूच्या प्रसरणानं साखळी प्रक्रियेला आपोआप लगाम बसला आणि शक्ती खाली आली. तीन आठवड्यांनी चेर्नोबिल घडलं, म्हणून ही चाचणी लोकांच्या लक्षात राहिली नाही.

या चाचणीवरच्या प्रकल्पात सहभागींना आधी फक्त भूमिती, सुरुवातीची स्थिती आणि पंपाच्या गतीचा आलेख मिळाला. त्यावर प्रत्येकानं आपला कोड, म्हणजे गणित करणारा संगणकी प्रोग्रॅम, चालवून उत्तर जमा केलं. मोजलेले आकडे उघडले ते त्यानंतर. मग कुणाचं कुठे चुकलं हे शोधून दुसरी फेरी. अशा गणितात सर्वांत फसवी जागा म्हणजे मोठ्या भांड्यातलं संथ सोडियम. प्रवाह मंदावला की गरम वर आणि थंड खाली असे थर पडतात. नळीगणिक एकच तापमान धरणाऱ्या एकमितीय कोडला ते दिसत नाहीत आणि उष्णता विनिमयकाच्या तोंडाशी त्याचं उत्तर मोजमापापासून सुटतं. पीएफबीआर पूल प्रकारचा, सगळं प्राथमिक सोडियम एकाच भांड्यात, ३९७ अंशांना गाभ्यात शिरून ५४७ अंशांना बाहेर येणारं. त्याच्या कोडसाठी अशी परीक्षा शंभर सामंजस्य करारांपेक्षा मोलाची आहे. सह्या करतानाच्या फोटोपेक्षा आधी न पाहिलेल्या आकड्याशी जुळलेलं उत्तर केव्हाही बरं.

द्विपक्षीय करारही याच खिचडीत टाकले जातात. एफबीटीआरचं मूळ फ्रान्सच्या रॅप्सोडी या प्रायोगिक अणुभट्टीत आहे आणि तो करार १९६९ चा, जीआयएफच्या कितीतरी आधीचा. १९७४ च्या पोखरणनंतर फ्रान्सकडून समृद्ध युरेनियम मिळेना, म्हणून भारतानं प्लुटोनियम-युरेनियमचं मिश्र कार्बाइड इंधन स्वतः विकसित केलं आणि १८ ऑक्टोबर १९८५ रोजी रिअ‍ॅक्टर क्रांतिक झाला, म्हणजे त्यातली साखळी प्रक्रिया पहिल्यांदा आपली आपण टिकली. फ्रान्सच्या अ‍ॅस्ट्रिड या सोडियम अणुभट्टीच्या प्रकल्पामध्ये जपान आला तोही द्विपक्षीय कराराने. अ‍ॅस्ट्रिड २०१९ मध्ये थांबवला गेला तेव्हा जीआयएफचं सोडियमचं काम चालूच राहिलं.

पीएफबीआरला बातम्यांत 'चौथ्या पिढीचा' म्हणतात, त्याला हरकत नाही. सोडियमनं थंड होणारा फास्ट रिअ‍ॅक्टर त्या वर्गात बसतो. वर्गात बसणं आणि गटात असणं यांची गल्लत तेवढी टाळा. आपल्या तीन टप्प्यांच्या कार्यक्रमात तोच दुसऱ्या टप्प्यातला आहे, त्यात विरोध नाही.

पुढची बातमी वाचताना आधी सही कोणत्या कागदावर झाली ते शोधा: सनद, फ्रेमवर्क करार, सिस्टीम अरेंजमेंट की प्रोजेक्ट अरेंजमेंट. मग निष्कर्ष कुणाला मिळणार ते पाहा. सगळ्यांना मिळत असतील तर ते बहुधा आयएईएचं काम, फक्त सही करणाऱ्यांना मिळत असतील तर जीआयएफच्या पठडीतलं. याला एक अपवाद लक्षात ठेवा, कारण त्यावरही चुकीची वाक्यं बेततात. जीआयएफनं सोडियम रिअ‍ॅक्टरच्या सुरक्षा-रचनेचे निकष २०१३ मध्ये तयार केले आणि ते बाहेरच्या संस्थांना तपासायला दिले; ते उघड आहेत. पीएफबीआरमध्ये बंद करण्याच्या दोन स्वतंत्र यंत्रणा, एकीत ९ आणि दुसरीत ३ नियंत्रण दांडे, उरलेली उष्णता काढायला प्रत्येकी ८ मेगावॉटचे चार परिपथ, आणि तळाशी वितळलेला गाभा झेलणारं पात्र आहे. हे त्या निकषांशी कलमागणिक ताडून पाहायला कोणतीही सही लागत नाही. इंदूरच्या एखाद्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याला शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी विषय हवा असेल, तर हा घ्यावा.