दाव्याची गाठ आणि मोटारीचं दार

भर पावसात गोठ्यातलं दावं सोडायला गेलं की गाठ हलता हलत नाही. उन्हाळ्यात तीच गाठ दोन बोटांनी सुटते. नायलॉनच्या दोरीचं असं होत नाही, वाखाच्या दोरीचं होतं. वाख म्हणजे झाडाच्या सालीतला धागा; तो पाणी पितो, फुगतो आणि गाठ स्वतःला आवळून घेते. मोटारींच्या कारखान्यांतल्या इंजिनिअरांना कित्येक वर्षं छळते आहे ती हीच गाठ.

वाखाचा मोटारीशी काय संबंध? २०१३ साली आलेल्या बीएमडब्ल्यू आय-थ्री या विजेवरच्या गाडीत दारांच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये केनाफचे धागे दाबून बसवलेले होते, आणि ते मुद्दाम दिसतील असे ठेवले होते. केनाफ म्हणजे आपली अंबाडी! इंग्रजीत तिचं एक जुनं नाव ‘डेक्कन हेम्प’, म्हणजे दख्खनचा ताग. भाजीची अंबाडी आपण कोवळी खुडतो. वाखासाठी ती पुरुषभर उंच वाढू द्यायची, कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि दगड ठेवून डोहात बुडवायच्या. पाण्यातले जिवाणू सालीतलं पेक्टिन, म्हणजे धाग्यांना चिकटवून ठेवणारा डिंक, खातात. वास असा सुटतो की विचारू नका. पेंढी लवकर काढली तर साल सुटत नाही आणि जास्त राहिली तर जिवाणू धाग्यावरच ताव मारतात. हे घोंगडं मोजूनमापूनच भिजत ठेवावं लागतं.

सूक्ष्मदर्शकाखाली वाखाचा एक धागा म्हणजे अनेक लांबट, पोकळ पेशींची जुडी दिसते. प्रत्येक पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म तंतू स्प्रिंगसारखे गुंडाळलेले असतात. खरी गंमत या गुंडाळीच्या कोनात आहे. तागात तो सुमारे ८ अंश, म्हणजे तंतू जवळजवळ सरळ, त्यामुळे ताग दोनेक टक्केही न ताणता तुटतो. नारळाच्या काथ्यात कोन ३० अंशांच्या वर जातो. म्हणून काथ्या आधी स्प्रिंगसारखा उलगडतो, चांगला ताणला जातो आणि मग तुटतो. दार कडक हवं असेल तर ताग किंवा अंबाडी घ्यायची. काथ्या गादीत बरा.

प्लास्टिकला बळ द्यायला एरवी काचेचा धागा घालतात, वाखाची स्पर्धा त्याच्याशी. पाण्याची घनता १ धरली तर काचेच्या धाग्याची सुमारे २.५, वाखाची १.५ च्या आसपास. तेवढ्याच वजनात वाखाचा कडकपणा काचेच्या जवळ जातो. ताकदीत मात्र काच पुढे, हे मान्य करायला हवं.

आता भांडण. सेल्युलोजच्या अंगभर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट असतात, आणि पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक तर तेलाच्या वळणाचं, पाण्याला उभं न करणारं. दोघांना एकत्र दाबलं तरी ओढ बसताच धागा म्यानातून तलवार निघावी तसा सरळ बाहेर येतो. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे अंश सापडले आहेत. तिथे दोघांना जोडणाऱ्या मध्यस्थाची गरज पडली नाही, कारण माती आणि धागा दोघंही पाण्याच्याच गोतातले. प्लास्टिकसाठी वाख आधी कॉस्टिक सोड्यात धुतात, म्हणजे मेण निघतं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मग मलेइक अनहायड्राइड हे रसायन जोडलेलं थोडं पॉलिप्रॉपिलीन मिसळतात. त्याचं एक टोक सेल्युलोजचा हात धरतं आणि दुसरं प्लास्टिकच्या गुंत्यात शिरतं. लग्न जमवणारा मध्यस्थच म्हणा ना.

एवढं करूनही धागा आधी नीट वाळवावा लागतो, नाहीतर साच्यात वाफ होऊन बुडबुडे राहतात. उष्णतेचाही हिशेब आहे. पॉलिप्रॉपिलीन १६५ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि २०० च्या वर वाख करपायला लागतो, म्हणजे सगळं काम या चिंचोळ्या पट्टीत उरकायचं. २६० अंशांच्या आसपास वितळणारं नायलॉन ६६ म्हणूनच बाद.

या पदार्थाला सरसकट ‘हिरवा’ म्हणणाऱ्या जाहिराती मात्र मला पटत नाहीत. धागा कुजेल, पण त्याच्याभोवतीचं पॉलिप्रॉपिलीन कुजणार नाही. शिवाय एकाच वावरातल्या दोन पेंढ्यांचा वाख सारखा निघत नाही. एक डोहाच्या कडेला राहिलेली असते, एक मध्ये. काचेचा धागा यंत्रातून ठरल्या जाडीचाच येतो. म्हणून वाख अजून तरी दाराच्या आतल्या फळीत आणि डिकीच्या अस्तरात आहे, गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्यात नाही.