अरबांचं राज्य पसरलं आणि इस्लाम पसरला, या दोन वेगळ्या गोष्टी

"इस्लाम शंभर वर्षांत स्पेनपासून सिंधपर्यंत पसरला" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. पण त्या शंभर वर्षांत पसरलं ते अरबांचं राज्य. धर्म त्याच मुलखात रुजायला पुढं दोनशे-तीनशे वर्षं लागली, काही ठिकाणी त्याहून जास्त. या दोन गोष्टी एकत्र केल्या की सगळी कारणं चुकीच्या खात्यावर जमा होतात, म्हणून हे लिहितोय.

आधी राज्य. पैगंबर 632 मध्ये वारले आणि 651 मध्ये इराणचा शेवटचा सासानी बादशहा यझदगर्द मर्वजवळ मारला गेला, म्हणजे 20 वर्षांच्या आत एक अख्खं साम्राज्य संपलं. एवढ्या झटपट कसं? कारण बायझंटाईन (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य) आणि सासानी हे दोघं 602 ते 628 अशी 26 वर्षं एकमेकांशी लढून पार थकले होते, खजिना रिकामा, त्यात प्लेगच्या साथी, आणि 628 मध्ये सासानी बादशहा खुस्रोला मारल्यावर इराणच्या गादीवर चार वर्षांत एकामागून एक राजे बसले नि उतरले. दुसरीकडे अरब टोळ्या पहिल्यांदाच एका झेंड्याखाली आलेल्या. तेही सगळं गोडीगुलाबीनं नव्हतं बरं का, पैगंबरांनंतरचा पहिला खलिफा अबू बकर यानं फुटणाऱ्या टोळ्यांना लढूनच परत आणलं. मग 636 ला बायझंटाईनांशी यर्मूकची लढाई, त्यांच्या हातून सीरिया गेला, 642 पर्यंत इजिप्तही.

आता धर्म. जिंकलेल्या शहरांशी बहुतेकदा तह व्हायचा, कर द्या आणि आपापला धर्म पाळा. अरब फौज बसरा, कूफा, फुस्तात अशा नव्या छावण्यांमध्ये वेगळी राहायची, गावोगावच्या शेतकऱ्यांशी तिचा रोजचा संबंध कमीच. राजधानी दमास्कसच्या हिशेबाच्या वह्यासुद्धा साधारण 700 पर्यंत ग्रीकमध्येच लिहिल्या जात होत्या!

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की राज्यकर्त्यांना धर्मांतराची घाई नव्हती, उलट अडचण होती. गैरमुस्लिमांवर जिझिया हा कर होता, लोक मुसलमान झाले की तो बुडायचा. इराकचा सुभेदार हज्जाज यानं तर नव्यानं मुसलमान होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना परत गावी हाकललं आणि कर चालूच ठेवला. पुढं खलिफा दुसरा उमर (717-720) यानं हे थांबवायला सांगितलं. खुरासानच्या (इराणच्या पूर्वेकडचा प्रांत) सुभेदारानं नवमुस्लिमांची सुंता तपासायची म्हटल्यावर, देवानं पैगंबरांना लोकांना बोलावायला पाठवलं, सुंता करायला नाही, असं उत्तर उमरनं धाडल्याचं अरबी बखरकार सांगतात.

मग लोक मुसलमान झाले कशामुळे? कराचा भार, दरबारातली नोकरी, युद्धात पकडून आणलेले गुलाम, लग्नं (बाप मुसलमान तर पोरं मुसलमान), वरचा दर्जा, आणि खरी श्रद्धा, हे सगळं पिढ्यान् पिढ्या साचत गेलं. यात दबाव नव्हता असं म्हणणं चूक, दुय्यम दर्जा हा दबावच असतो. पण मानेवर तलवार ठेवून रातोरात गावंच्या गावं बाटवली, हे चित्र इराण-इजिप्तच्या बाबतीत बसत नाही. रिचर्ड बुलिएट या अमेरिकन इतिहासकारानं जुन्या वंशावळी चाळून फारसी नावं जाऊन मुस्लिम नावं कधी यायला लागली ते मोजलं, आणि त्यावरून इराणी शहरांत मुसलमान बहुसंख्य व्हायला नववं शतक उजाडलं असा अंदाज निघतो.

उलटा दाखला तर आपल्या कोकणातच आहे, तिथं राज्य नव्हतं पण धर्म आला होता. 915-16 च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी सैमूरला, म्हणजे आपल्या चौलला आला, तेव्हा तिथं सुमारे 10,000 मुसलमान राहतात असं त्यानं लिहिलंय, सगळी व्यापारी वस्ती, वर राजा शिलाहार झंझ आणि त्याच्यावर राष्ट्रकूट. या मुसलमानांचे तंटे सोडवायला राजानं त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला होता. आणि पालघरच्या चिंचणीला सापडलेला 926 चा ताम्रपट वाचा, त्यात संजाणचा कारभार राष्ट्रकूटांनी मधुमती नावाच्या ताजिक, म्हणजे अरब अधिकाऱ्याकडे दिलाय, आणि तो राजाच्या परवानगीनं तिथल्या एका हिंदू मठाला गाव दान देतोय.