एसीचा आवाज कसा येतो ते राहू द्या, कधी येतो ते सांगा

गाडीचा एसी आवाज करायला लागला की माणूस मेकॅनिकपुढे उभा राहून तोंडाने तो आवाज काढून दाखवतो, खर्र खर्र, टिक टिक, मधेच एक बारीक शीळ, आणि मेकॅनिकही गंभीर चेहरा करून ऐकून घेतो. मीही केलंय हे. पण या नकलेचा उपयोग तसा कमीच, कारण 'घरघर' म्हणाल तर ती बेअरिंगची असेल, पंख्याची असेल, नाहीतर एसीचा गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरची. त्यात धातूमधून आवाज हवेपेक्षा कितीतरी वेगाने पळतो, पोलादात सेकंदाला साधारण ५००० मीटर आणि हवेत जेमतेम ३४०, त्यामुळे बॉनेटखालची कुरकुर पाइप आणि पत्र्यातून थेट डॅशबोर्डात शिरते आणि डॅशबोर्ड तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखा ती मोठी करून ऐकवतो. तुम्हाला वाटतं आवाज इथेच आहे, आणि असतो तो भलतीकडेच.

म्हणून बघायचं ते हे की आवाज कोणाच्या मागे पळतोय. इंजिनाच्या, ब्लोअरच्या, की कोणाच्याच नाही.

पहिली परीक्षा अगदी सोपी. इंजिन बंद, फक्त चावी फिरवून ब्लोअर चालू करा आणि एकपासून चारपर्यंत न्या. आवाज आला तर कॉम्प्रेसर निर्दोष सुटला, कारण बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर इंजिन बंद असताना फिरतच नाही. मला एकदा कॉम्प्रेसर गेला म्हणून सांगितलं होतं, आणि निघालं काय तर ब्लोअरमध्ये एक वाळकं पान. ब्लोअरचा पंखा म्हणजे बारीक पात्यांचा पिंप असतो, त्याच्या एका बाजूला थोडं जरी वजन चिकटलं तरी तो डुगडुगतो, आणि वेग दुप्पट झाला की त्या डुगडुगण्यामागचा जोर चौपट होतो, त्यामुळे एक नंबरला शांत असलेला ब्लोअर चारवर थरथरतो. केबिन फिल्टर काढून आत बघितलं की निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात. (हे निम्मी मी अंदाजाने म्हणतोय, मोजलेलं नाही.)

डॅशबोर्डाच्या आत चावी फिरवल्यावर किंवा गरम-थंड बदलल्यावर काही सेकंद टक टक टक होऊन थांबत असेल तर बहुतेक फ्लॅपच्या (हवेची वाट बदलणाऱ्या झडपेच्या) छोट्या मोटरच्या गिअरचा प्लॅस्टिकचा दात तुटलाय. मोटर फ्लॅप ढकलत राहते, गिअर घसरत राहतो. गाडी बंद पडणार नाही, डोकं मात्र उठतं.

आता इंजिन चालू करा, एसी बंद ठेवा, बॉनेट उघडून ऐका. कॉम्प्रेसरची पुली बेल्टबरोबर कायम फिरत असते, एसी लावा न लावा, त्यामुळे पुलीचं बेअरिंग घासलं असेल तर घरघर एसी बंद असतानाही येणार. पण घाई नको, बऱ्याच गाड्यांत त्याच बेल्टवर अल्टरनेटर असतो, कधी वॉटर पंपही असतो, उगाच एसीवर आळ येतो. मग एसी लावा. एक 'टक' येईल, तो कॉम्प्रेसरच्या क्लचचा (गिअरवाला क्लच नव्हे), इलेक्ट्रोमॅग्नेट पुढची प्लेट ओढून पुलीला चिकटवतो त्याचा, एकदम नॉर्मल आहे. हा क्लच आधी नव्हताच बरं का, १९४० च्या पॅकार्डमध्ये एसी होता पण क्लच नाही, एसी नको असेल तर इंजिन बंद करून बॉनेट उघडायचं आणि बेल्ट काढायचा! हल्लीच्याही काही कॉम्प्रेसरना क्लच नसतो, ते आतल्या आत दाबायचं प्रमाण कमी-जास्त करतात, तिथे टक ऐकू आला नाही म्हणून घाबरू नका.

टक दर दोनचार सेकंदांनी यायला लागला तर मात्र लक्ष द्या. बहुतेक वेळा गॅस कमी झालेला असतो. कॉम्प्रेसर सुरू झाला की कमी दाबाच्या बाजूचा दाब पटकन खाली जातो, प्रेशर स्विच त्याला बंद करतो, दाब पुन्हा चढतो, स्विच पुन्हा चालू करतो, आणि हे चक्र चालूच राहतं. आणि कॉम्प्रेसरचं तेल या गॅसबरोबरच फिरतं हे लोकांना माहीत नसतं. गॅस कमी म्हणजे परत येणारं तेलही कमी, मग आतले भाग कोरडे घासतात, एसी लावल्यावरच खडखड ऐकू येते, आणि धातूचा चुरा पाइपांतून सगळीकडे पसरतो. म्हणून लीक न शोधता नुसता गॅस भरत बसणं मला पटत नाही. जास्त भरणंही वाईटच, गॅसऐवजी द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर तो दाबला जात नाही आणि ठोके बसल्यासारखा आवाज येतो.

एसी किंवा गाडी बंद केल्यावर येणारा 'स्स्स' सोडून द्या. चालू असताना एका बाजूला दाब दोनतीन बार आणि दुसऱ्या बाजूला दहा-पंधरा बार असतो, बंद केलं की जास्त दाबाचा गॅस एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (द्रव झालेला गॅस जिथून सुटून थंड होतो त्या झडपेच्या) बारीक भोकातून पलीकडे जाऊन बरोबरी करतो, त्याची ही फुसफुस, थोड्या वेळात थांबते. चालू असताना सतत फुसफुस आणि थंडावाही कमी, हे एकत्र आलं तर व्हॉल्व्हपाशी द्रवाऐवजी बुडबुडे पोचतायत, म्हणजे पुन्हा संशय गॅसवरच. पाइप स्वतः सैल करून बघू नका, आर-१३४ए, म्हणजे बऱ्याच गाड्यांच्या एसीतला गॅस, बाहेर पडला की उणे २६ अंशाला उकळतो, कातडी गोठते.

वळणावर पायाशी पाणी डचमळल्याचा आवाज येत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय, कूलिंग कॉइलवर जमलेलं पाणी गाडीखाली पडायचं ते आतच साठलंय. हे दुरुस्त करायला सगळ्यात सोपं.

बेल्टची किंचाळी वेगळी. रबर पुलीला धरतं, घसरतं, पुन्हा धरतं, सेकंदाला शेकडो वेळा, व्हायोलिनच्या गजासारखंच. एसी लावताच ओझं वाढतं म्हणून तेव्हाच किंचाळतो. बेल्टच्या फासळ्या (लांब खाचा) असलेल्या बाजूवर थोडं पाणी शिंपडायचं, आवाज क्षणभर थांबून परत आला तर पुली सरळ रेषेत नाहीत, वाढला तर बेल्ट सैल आहे. हात, ओढणी, बाही लांबच ठेवा, आणि पुढचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो हे विसरू नका.

इलेक्ट्रिक गाडीत हे सगळं गणितच बदलतं, कॉम्प्रेसरला स्वतःची मोटर असते, त्यामुळे चार्जिंगला उभी असलेली गाडी घूं करत असेल तर ती बहुधा बॅटरी थंड करतेय. तिथे मात्र उघडून बघायच्या फंदात पडू नका, तो कॉम्प्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो.

आणि मेकॅनिककडे जाताना तोंडाने नक्कल करण्यापेक्षा फोनवर रेकॉर्डिंग करा, पण नुसतं नाही, मधे मधे बोला, "आता एसी बंद... आता लावला... आता ब्लोअर चारवर... आता रेस दिली." असं एक मिनिट पुरतं.