प्रूफवर ‘ओके’ म्हणण्याआधी

(छपाईचं काम देणाऱ्या सर्वांसाठी)

आम्ही छापखान्यातून प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, मोबाइलवर पाठवतो आणि मिनिटभरात उत्तर येतं, ‘ओके’. आमच्या लेखी याचा अर्थ ‘वाचलं, तपासलं, छापा’. तुमच्या लेखी बऱ्याचदा ‘मिळालं, संध्याकाळी निवांत बघतो’. तुमची संध्याकाळ होईपर्यंत इकडे काम मशीनवर चढलेलं असतं.

थोडा दोष शब्दाचाही आहे. ‘ओके’ पहिल्यांदा छापून आलेला सापडतो तो २३ मार्च १८३९ च्या ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं वापरायची, ही तेव्हाच्या तिथल्या पत्रकारांची हौस. ‘ऑल करेक्ट’ची आद्याक्षरं खरं तर ए आणि सी, यांनी गमतीत ओ आणि के केली. म्हणजे ‘सगळं बरोबर’ सांगणाऱ्या शब्दाची दोन्ही अक्षरं चूक! आमच्या मुद्रितशोधकांना हे कळलं तेव्हापासून ते कोणाच्याही ‘ओके’वर विश्वास ठेवत नाहीत. पुढच्याच वर्षीच्या अमेरिकी निवडणुकीत किंडरहुक गावच्या राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या समर्थकांनी ‘ओल्ड किंडरहुक’ म्हणून हीच अक्षरं उचलली. ते हरले, शब्द मात्र टिकला.

आता आमचं दुखणं. एका ग्राहकाच्या हजार व्हिजिटिंग कार्डांवर फोन नंबरातले शेवटचे दोन आकडे उलटे पडले. मजकूर त्यांनीच पाठवलेला, प्रूफवर ‘ओके’ही त्यांचाच. तरी म्हणाले, “तुमच्या लक्षात यायला हवं होतं.” काना, वेलांटी, राहिलेला अनुस्वार आम्ही न सांगता दुरुस्त करतो. तारीख आणि वार जुळत नसेल तर फोनही करतो. पण तुमचा नंबर बरोबर की चूक, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? नावं, आकडे, पत्ता एकदा मोठ्यानं वाचा. डोळा सवयीनं पुढे सरकतो, जीभ अडखळते.

म्हणून आता नुसत्या ‘ओके’वर आम्ही छपाईची प्लेट काढत नाही. वाचून झाल्यावर ‘छापा’ असं लिहा. काहींना हा आगाऊपणा वाटतो. पण प्लेट निघाल्यावर एका अक्षरासाठीही ती नव्यानं काढावी लागते, कागद रद्दीत जातो तो वेगळाच. त्याआधीच्या दोन फेऱ्यांच्या दुरुस्तीचे पैसे आम्ही घेत नाही. रंग महत्त्वाचा असेल तर कागदावरचं प्रूफ मागून घ्या, पडद्यावरचा लाल कागदावर तसाच उतरत नाही.

आणि नुसतं अंगठ्याचं चित्र आलं, तर आम्ही फोन करणार.